एकही तारीख न पडलेलं पुस्तक

संपादकमहाशयांनी माझ्याकडून एक यादी मागवली आहे. 'आपल्या देशाची संस्कृती आणि देशांतर्गत संघर्ष यांवर प्रकाश टाकणारी निवडक पुस्तकं, एका निवृत्त ग्रंथपालाच्या नजरेतून.' प्रकाश टाकणारी! आमच्या शाखा ग्रंथालयात वर्षानुवर्षं एकच ट्यूबलाइट होती आणि पावसाळ्यात तीही डोळे मिचकावायची. पुस्तकांनी प्रकाश टाकला असता तर मी वीज ऑफिसला इतक्या दरखास्ती कशाला दिल्या असत्या?

नात म्हणाली, "आजी, अशा याद्या फोनवर ढिगानं मिळतात. एक उचल आणि दे पाठवून." तिनं दोन-चार दाखवल्याही. सगळ्या याद्यांत तीच ती पुस्तकं, पंगतीत पाहुण्यांनी पाट बदलून बसावं तशी खालीवर बसलेली. ती पुस्तकं कोणी वाचली, बसून वाचली की उभ्यानं, वाचताना दाराकडे बघत होते का, हे एकाही शहाण्यानं लिहिलेलं नाही. आमच्या धंद्यात खरं म्हणजे तेवढंच बघायचं असतं. मीही ते बघितलं नाही, आणि त्यापायी काय करून बसले ते सांगते. यादी हवी असेल त्यानं फोन उघडावा.

आमचं ग्रंथालय बेला गावाच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीला अगदी खेटून, पण पलीकडे, तेलुगू राज्यात. बोर्ड तेलुगूत, वाचक मराठी, आणि तक्रारवही कोरी. दोन खोल्या होत्या. एकीत वर्तमानपत्रं, दुसरीत कपाटं. तेलुगू पुस्तकांची नऊ कपाटं हैदराबादहून भरून यायची. मराठीची तीन, तीही कोणी मेल्यावर घरच्यांनी दान केलेल्या पुस्तकांची. मी रुजू झाले तेव्हा माझ्याकडे ग्रंथालयशास्त्राचं प्रमाणपत्र होतं, दोन कडक इस्तरीच्या साड्या होत्या, आणि टेबलावर ठेवायला एक पितळी घंटी होती. कोणी मोठ्यानं वाचलं की मी घंटी वाजवायची. आता आठवलं की वाटतं, ती घंटी कोणीतरी माझ्याच गळ्यात बांधायला हवी होती.

आणखी एक सांगून टाकते. मी बौद्ध घरची. वडील शाळेत शिपाई, आजोबा दुसऱ्याच्या शेतात सालदार. नोकरी लागल्यावर मी ठरवलं की आपण आता कोणाच्या नाहीत, आपण सरकारच्या. जयंतीच्या वर्गणीला कोणी आलं की ऑफिसात काम आहे म्हणायचं. आडनाव विचारलं की हुद्दा सांगायचा. याला मी तटस्थपणा म्हणत होते. सगळ्या मंडळाला, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याला, माझं मूळ माहीत होतं. ते कोणालाच माहीत नाही, अशी समजूत फक्त माझी होती.

आता त्या संस्कृतीच्या पुस्तकांबद्दल. समोरच्या काचेच्या कपाटात ती मी मांडलेली असायची. जाड, गुळगुळीत, रंगीत. लेखक बाहेरचे, फोटो आमच्या जिल्ह्याचे. मोरपिसांचे टोप घालून नाचणारे गोंड, आरशांच्या घागऱ्यातल्या लमाण बाया, पोळ्याचे बैल, बासरचा गोदाकाठ. त्या पुस्तकांत सगळे नाचतच असतात. कोणी पाणी मागत नाही, कोणी पहाणीत, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्यात, आपलं नाव का नाही म्हणून तहसिलीत उभं राहत नाही. साहेब लोक ती पुस्तकं न्यायचे आणि भाषण झालं की शिपायाच्या हाती परत पाठवायचे. तारखेच्या चिठ्ठीवर शिक्क्यावर शिक्के, आणि पानं मात्र इतकी करकरीत की वळवताना बोट कापावं.

संघर्षाची पुस्तकं दुसऱ्या कपाटात. ती वेगळ्या तऱ्हेनं निरुपयोगी. त्यांत 'तणाव निर्माण झाला' असतो. भिंतीला ओल यावी तसा आपोआप. मग 'दुर्दैवी घटना घडते', मग 'शांतता प्रस्थापित होते'. माणूस कुठेच नाही. एकदा एक संशोधक आले, गळ्यात पिशवी, हातात रेकॉर्डर. म्हणाले, "मॅडम, या भागातला सामाजिक संघर्ष समजून घ्यायचाय. दोन दिवस आहेत माझ्याकडे." मी त्यांना अदबीनं पाच पुस्तकं काढून दिली. ते ती वाचून गेले आणि पुढे त्या पाचांचं सहावं केलं. मला त्यांनी आभारांच्या पानावर घातलंय. त्या पानाची मी चार लोकांना झेरॉक्स वाटली होती, हेही इथं कबूल करते.

या सगळ्यात, मराठीच्या तिसऱ्या कपाटात, सर्वांत खालच्या फळीवर एक पुस्तिका होती. चाळीसेक पानांची, दोन टाचण्यांची, फिकट निळ्या कव्हराची. जवळच्याच एका गावातल्या गुरुजींनी लिहिलेली आणि नांदेडला छापून घेतलेली. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात, बोलू देत. मी नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी त्या गावात बौद्धांच्या गल्लीनं जयंतीची मिरवणूक मोठ्या रस्त्यानं काढली होती. त्यावर गावानं गल्लीचं काम बंद केलं, पिठाची चक्की बंद केली, पाणी बंद केलं. पुढे काय झालं ते गुरुजींनी माणसांच्या नावांसकट लिहिलं होतं. मला हे सगळं ऐकून माहीत. वाचलं नव्हतं. निळं कव्हर दिसलं की माझी तटस्थता जागी व्हायची.

बाजाराच्या दिवशी एक म्हातारी यायची. सोनाबाई. डोक्यावर टोपलं, टोपल्यात वांगी नाहीतर शेवग्याच्या शेंगा. माल विकला की टोपलं पायरीवर पालथं घालून आत यायची आणि भिंतीला टेकून खाली बसायची. तिथंच आमचे कायमचे वाचक, बसचे एक निवृत्त कंडक्टर, खुर्चीवर असायचे. त्यांना सगळे कंडक्टरच म्हणत. तेही त्या दिवशी वर्तमानपत्र सोडून काहीतरी पुटपुटत वाचायचे. मी घंटी वाजवायची.

"कंडक्टर, मनातल्या मनात वाचा!"

"मनातल्या मनात वाचलं तर तिकीट कोन फाडंल, बाई?" ते म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस असंच काहीबाही बोलतो.

आणि सोनाबाईला मी एकदा सुनावलंही होतं. "मावशी, हे बसस्टँड नाही. वारा खायला यायचं असेल तर बाहेर झाड आहे."

"तुमच्या पंख्याले वारा हाय का, बाई?" तिनं वर बघत विचारलं. पंखा बंदच होता. ती हलली नाही.

मग आमच्या वरिष्ठांचा हुकूम आला: अनावश्यक पुस्तकं बाद करा. बाहेरच्या माणसाला हे क्रूर वाटेल, पण ग्रंथालयात ते करावंच लागतं. नवी पुस्तकं आली की जुन्यांना जागा सोडावी लागते. कुठलं पुस्तक बाद करायचं, याचा नियम सोपा. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या चिठ्ठीवर, वाचकानं ते घरी नेलं की परतीची तारीख पडते. ज्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं तारीख नाही, ते पुस्तक कोणी वाचत नाही. पहिल्या पानावर 'बाद' असा शिक्का मारायचा, नोंदवहीत लाल रेघ ओढायची, आणि गठ्ठा रद्दीवाल्याच्या काट्यावर.

मी तीन दिवस शिक्के मारत होते. काय तो उत्साह! जणू जिल्ह्यातलं सगळं अज्ञान माझ्या शिक्क्याखाली चिरडून निघणार होतं. निळी पुस्तिका हातात आली. चिठ्ठी कोरी करकरीत. एकही तारीख नाही. मारला शिक्का.

आणि हे मुद्दाम लिहिते: मला दिसलं होतं. पानांच्या कडा तेलकट काळ्या झाल्या होत्या. टाचण्या गंजून पानं सुटायला आली होती, तर कोणीतरी त्यांना जाड पांढऱ्या दोऱ्यानं शिवलं होतं. मधलं एक पान इतकं मऊ झालं होतं की धुतलेल्या धोतराचा तुकडा वाटावा. हे सगळं मी बोटांनी चाचपलं आणि डोळ्यांनी चिठ्ठी वाचली. चिठ्ठी म्हणाली कोणी वाचत नाही. माझ्या प्रमाणपत्रात बोटांवर विश्वास ठेवायचा धडा नव्हता.

पुढच्या बाजाराला कंडक्टर तिसऱ्या कपाटापुढे वाकले ते वाकलेलेच राहिले. सोनाबाई भिंतीला टेकून वाट बघत होती. ते माझ्या टेबलाशी आले.

"खालच्या फळीवरचं निळं पुस्तक कुठं हाय?"

"बाद केलं. कोणी नेत नव्हतं."

"नेत नोते. वाचत होते."

"नेलं असतं तर तारीख पडली असती ना!"

"बाई," कंडक्टर माझ्याकडे अशा नजरेनं बघत म्हणाले, की तशी नजर मी फक्त बिनतिकिटाच्या प्रवाशांवर पडताना पाहिली होती. "तारीख पडते तवा नाव पडते. तुमच्या वहीत नाव लिवलं की ते शिपायाले दिसते, शिपाई संध्याकाळी चावडीवर बसते. या ग्रंथालयाची जागा कोनं देल्ली मालूम हाय का? त्या पुस्तकातल्या पाटलाच्या व्याह्यानं. ते पुस्तक कोन घरी नेईल? इथंच उभ्यानं वाचत होतो सारे. सोनाबाईच्या गल्लीतले वाचत, आमच्या गल्लीतलेबी वाचत. आमच्यातले तर वर्तमानपत्राच्या अंदर धरून वाचत."

मी काहीतरी नियम सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

"ते सोळावं-सतरावं पान. मी दर बाजाराले तिले वाचून दाखवतो. तिच्या नवऱ्याचं हाय. दुसऱ्या कोन्त्याच कागदावर त्याचं खरं नाई." मग सोनाबाईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "तुमी तिचा नवरा रद्दीत घातला, बाई."

तिच्या नवऱ्याचं नाव महादू. पाणी बंद होऊन आठवडा झाला होता, घरात तान्हं पोर होतं. हा माणूस भर दुपारी दोन घागरी घेऊन पाटलाच्या विहिरीवर गेला. सरकारी पंचनामा म्हणतो, पाय घसरून विहिरीत पडून मयत. गुरुजींची पुस्तिका म्हणत होती, त्याला मारहाण करून आत टाकला. गल्लीच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या माणसांनी लांबून जे पाहिलं, ते गुरुजींनी एकेकाला विचारून लिहिलं होतं. पंचनामा तहसिलीत सुरक्षित. पुस्तिका मी विकून टाकलेली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी इचोड्याला गेले. रद्दीवाल्याचं गोदाम हायवेला लागून. ट्रक, ढाबे, टायरवाले, आणि मध्ये हा कागदांच्या डोंगरावर बसलेला. हिंदीत म्हणाला, "मॅडम, आपका माल तो परसों ही ट्रक में गया. पेपर मिल को." मी म्हटलं, सरकारी पुस्तक चुकून आलं. तो हसला. "सरकारी तो सभी था. सब पे ठप्पा था आपका." तरीही उरलेल्या ढिगात मी दुपारभर उकरत होते. कडक इस्तरीची साडी नेसून. शेजारच्या ढाब्यातले ड्रायव्हर चहा पीत बघत होते. त्यांची करमणूक झाली, एवढंच त्या दिवसाचं फलित. हाती लागली ती माझ्याच बाद केलेल्या पाककृतींच्या पुस्तकाची चार पानं.

गुरुजी वारले होते. त्यांच्या नांदेडच्या सुनेला एसटीडी बूथवरून फोन केला. ती म्हणाली, "मामंजींचे कागद आम्ही घर बदलताना देऊन टाकले." कोणाला, ते तिला आठवत नव्हतं. मी तिच्यावर मनातल्या मनात फार संतापले. देऊन टाकतात म्हणजे काय! फोन ठेवल्यावर आठवलं, आपण विकून टाकले.

पुढच्या बाजाराला मी सोनाबाईच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसले. नोकरीत पहिल्यांदा. फरशी थंडगार होती. सगळं सांगितलं. वाटलं ती रडेल, शिव्या देईल. तिनं तोंडातला पानाचा चोथा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"एक हाय ना अजून," ती म्हणाली.

"कुठं?"

"पाटलाच्या बस्त्यात."

मग तिनं सांगितलं ते असं. पुस्तिका छापून आली तेव्हा थोरल्या पाटलानं माणसं पाठवून गल्लीतल्या सगळ्या प्रती गोळा केल्या आणि खळ्यावर पेटवल्या. ग्रंथालयातली तेवढी सुटली, कारण पाटलाच्या मते ग्रंथालयात कोणी जात नाही. पण एक प्रत त्यानं स्वतः उचलून ठेवली. निजामाच्या काळापासून कागदाशी बांधलेलं घराणं ते. ज्या कागदावर आपलं नाव आहे तो कागद त्या घरात कधी जाळत नाहीत. शिवी असली तरी. कधी कोर्टात लागेल काय सांगता? जमिनीचे दस्त, पावत्या, फारसी मोहरांचे हुकूम बांधलेल्या लाल फडक्याच्या गाठोड्यात, म्हणजे बस्त्यात, ती निळी पुस्तिका ठेवलेली. सोनाबाईनं ती खोली सारवताना स्वतः पाहिलेली.

"तुम्ही त्याच्या घरी सारवायला जात होता?" मी विचारलं.

"मंग काय खात होती? पोर होतं ना पदरात." तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "थोरला तं गेला मरून. आता धाकला हाय. चाल माह्यासंगं."

"मी? मी कशी येणार? मी सरकारी..."

"म्हणूनच तं म्हणून राह्यली. मी एकटी गेली तं अंगनातून हाकलंल. तू सरकार हायस ना? एवढ्या वर्साची तूच सांगून राह्यली घंटी वाजवून." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अन् आपलीच हायस ना वं? का नाई?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न असा सरळ कोणी विचारला नव्हता. मी "हो" म्हटलं. इकडे-तिकडे बघून म्हटलं, हेही खरंच. कंडक्टर वर्तमानपत्रामागून म्हणाले, "जोरानं बोला बाई, आज घंटी कोन वाजवनार हाय?"

रविवारी आम्ही तिघं ऑटोनं गेलो. मी जाताना एक दरखास्त टाइप करून, शिक्का मारून नेली होती. 'विषय: दुर्मीळ स्थानिक प्रकाशनाची नक्कल करून घेण्याबाबत.' जिल्ह्यात त्या पुस्तिकेला दुर्मीळ करणारी मीच, आणि अर्ज करणारीही मीच.

धाकटे पाटील तेव्हा पन्नाशीचे असतील. माणूस गोड. ओट्यावर खुर्ची दिली. "बाई, बसा. आमच्या घरी ग्रंथालय आलं म्हणजे सरस्वतीच आली." कंडक्टरांना दुसरी खुर्ची. सोनाबाई पायरीवर बसली. तिला कोणी तिथं बस म्हटलं नाही आणि वर बस असंही म्हटलं नाही. चहाचे तीन कप आले. आम्ही माणसं चार होतो. माझा कप मी उचलला नाही, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी अर्धा पिऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

दरखास्त वाचून पाटील हसले. "अहो, ते पुस्तक खोटं हाय बाई. गुरुजीचं डोकं फिरलं होतं. शेताच्या वादातून लिवलेलं. त्याची नक्कल करून सरकारनं काय कराचं?"

"खोटं असेल तर तुम्ही जपून कशाला ठेवलं?" मी म्हटलं. हा प्रश्न धाडसानं आला नव्हता. चुकून सुटला होता.

"बापाचं नाव हाय त्याच्यावर. फेकता येत नाई." त्यांनी दरखास्त घडी करून माझ्या हातात परत दिली. "नक्कल नाई देत. राग मानू नका."

पायरीवरून सोनाबाई म्हणाली, "नक्कल नको, पाटील. वाचून दाखवा."

"काय?"

"मले कुठं वाचता येते? मले तुमच्याच तोंडून आइकाचं हाय. खोटं हाय म्हणता, तं वाचून सांगा, कुठं कुठं खोटं हाय. मीबी ऐकून जाते अन् गल्लीत सांगते, खोटं होतं म्हणून."

समोरून बैलगाडी चालली होती, तिचा गाडीवान थांबला. शेजारच्या ओट्यावरचे दोघे उठून जवळ आले. पाटलांनी सगळ्यांकडे पाहिलं. नाही म्हणणं आता अवघड होतं. वाचून दाखवायला घाबरले, असं संध्याकाळपर्यंत बेल्यापर्यंत गेलं असतं. "आणतो ना," ते म्हणाले. "मले काय भेव हाय?"

बस्ता आला. लाल फडकं, त्यावर तीन गाठी. त्यांनी चष्मा लावला, सोळावं पान काढलं, आणि आवाज चढवून, एखाद्या वकिलानं दुसऱ्या पक्षाचा अर्ज वाचावा तसं वाचायला लागले. गल्लीचं पाणी बंद झाल्याचं वाक्य आलं. "हे खोटं. दोनच दिवस बंद होतं." तान्ह्या पोराचं वाक्य आलं. ते तसंच वाचून पुढे गेले. महादू दोन घागरी घेऊन निघाला. मग विहीर आली. वाचण्याचा वेग वाढला. दोन माणसांची नावं भराभर गेली. पान उलटलं. "आणि सायंकाळी गल्लीतली माणसं प्रेत आणायला गेली..."

"एक ओळ सोडली, पाटील," सोनाबाई म्हणाली.

"कोन्ती?"

"'तो विहिरीत जिवंत होता.' तिथून."

कंडक्टर माझ्याकडे बघत नव्हते, पाटलांकडेही नाही. ते पुस्तिकेच्या पाठीकडे बघत होते. त्यांनी ती जागा इतक्या वेळा वाचली होती की उलटीकडूनही त्यांना ती दिसत असावी. तेव्हा मला कळलं, या बाईला ते पान तोंडपाठ आहे. पुस्तक हरवल्यानं तिचा एक शब्दही हरवला नव्हता. तिला शब्द नको होते.

पाटलांनी पान मागे घेतलं. चष्मा पुसला. आता आवाज वकिलाचा नव्हता.

"'तो विहिरीत जिवंत होता. त्याच्या हाका गल्लीपर्यंत येत होत्या. पाटील स्वतः काठावर उभे होते. त्यांनी दोर वर ओढून घेतला.'"

ते थांबले. बोट त्या ओळीवरच होतं. सवयीनं, हिशेबी माणूस कागदातली चूक काढतो तसं, ते म्हणाले, "हे खोटं हाय. दोर नोता. साखळी होती."

गाडीवानानं बैलांचा कासरा ओढून धरला. कुंपणापासून ती विहीर बरीच लांब. तिथून बघणाऱ्याला दोर आणि साखळी सारखीच. त्या दिवशी काय ओढलं ते कळायला काठावर असावं लागतं, आणि त्या ओळीतलं बाकी काही त्यांनी खोटं म्हटलं नव्हतं. काठावर तेव्हा कोण कोण होतं याची मोजणी ओट्यावरच्या प्रत्येकानं आपापल्या मनात केली असावी, कारण पाटलांनी मान वर केली तेव्हा एकही जण त्यांच्याकडे बघत नव्हता. मीसुद्धा. मी साडीच्या काठाकडे बघत होते. मोठी तटस्थ!

फक्त सोनाबाई बघत होती. "लिहून घे, बाई," ती म्हणाली.

माझ्याकडे कागद एकच होता, तो घडी केलेला अर्ज. मी तो मांडीवर पालथा घातला, पेन काढलं आणि लिहिलं. अक्षर वाईट आलं. नोकरीत माझ्या अक्षराचं फार कौतुक व्हायचं. पाटलांनी मला थांबवलं नाही. पुस्तिका फडक्यात घातली, गाठी मारल्या, त्यातली एक दोनदा सुटली, आणि ते आत गेले. पुस्तिका त्यांनी दिली नाही. पुढेही कधी दिली नाही.

सोनाबाई पायरीवरून उठली, लुगड्याची धूळ झटकली.

"साखळी लिवलं ना?"

"लिहिलं."

"कोन म्हणालं म्हणून लिवलं?"

"पाटील म्हणाले म्हणून."

"मंग ठीक," ती म्हणाली, आणि ऑटोकडे आमच्या पुढं चालू लागली.